उदाहरण कशाचे?

जुलै २०२४ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे पदार्थविज्ञानातला एक प्रश्न आला होता, हे वाचकांपैकी अनेकांच्या स्मरणात असेल. वैद्यकीय प्रवेशासाठी होणाऱ्या ‘नीट’ परीक्षेतला तो प्रश्न होता आणि त्यात दोन विधाने दिलेली होती. अणूमध्ये धन आणि ऋण प्रभार समसमान असतात, म्हणून तो विद्युतदृष्ट्या उदासीन असतो, हे पहिले विधान. प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात आणि आपापला वैशिष्ट्यपूर्ण वर्णपट देतात, हे दुसरे. यांतले बरोबर कोणते आणि चूक कोणते, एवढेच सांगायचे होते. परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेने या प्रश्नाची दोन उत्तरे ग्राह्य धरली, कारण ‘एनसीईआरटी’च्या जुन्या पुस्तकात एक मजकूर होता आणि नव्या पुस्तकात दुसरा. वाद न्यायालयात गेला. न्यायालयाने २२ जुलै रोजी दिल्लीच्या आयआयटीला तीन तज्ज्ञांची समिती नेमायला सांगितले आणि दुसऱ्याच दिवशी समितीचा अभिप्राय आला, की पहिले विधान बरोबर, दुसरे चूक, उत्तर एकच. त्यानंतर ७२० पैकी ७२० गुण मिळवणाऱ्या ६१ विद्यार्थ्यांपैकी १७ जण तेवढे शिल्लक राहिले आणि चार लाखांहून अधिक मुलांचे पाच-पाच गुण उतरले.

त्या दिवसांत या प्रकरणावर पुष्कळ लिहिले-बोलले गेले. मला मात्र त्यातली एक गोष्ट फार खटकत राहिली. युरेनियम, रेडियम ही नावे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतात. या मूलद्रव्यांचे अणू आपोआप फुटतात, हेही त्याने वाचलेले असते. तेव्हा ‘प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर’ या वाक्यातला ‘प्रत्येक’ हा शब्द टिकत नाही, हे कळण्यासाठी समिती लागू नये. पण घरोघरी चर्चा चालली होती ती आवृत्ती जुनी की नवी, याची. रेडियमची आठवण फारशी कुणाला झाली नाही. आपल्या मुलांच्या विज्ञानशिक्षणात काय बिघडले आहे, हे या एका प्रसंगाने जितके स्पष्ट दाखवले, तितके कोणत्याही अहवालाने दाखवले नसेल.

मी कनिष्ठ महाविद्यालयात बरीच वर्षे पदार्थविज्ञान शिकवले. निवृत्तीनंतरही आसपासची अकरावी-बारावीची मुले वही घेऊन येतात. त्यांचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो, “सर, याला फॉर्म्युला कोणता लावायचा?” प्रश्नात काय घडते आहे, गाडी थांबते आहे की चेंडू वर जातो आहे, हे त्यांनी अद्याप नीट वाचलेलेही नसते. यात मुलांचा दोष थोडा आहे. दोष आहे तो गृहपाठाकडे पाहण्याच्या आपल्या सगळ्यांच्या दृष्टीचा.

मराठीत आपण गणिताला किंवा न्यूमरिकलला ‘उदाहरण’ म्हणतो. ‘मागची दहा उदाहरणे सोडवून आणा,’ असे गुरुजी सांगत. हा शब्द मला फार अर्थपूर्ण वाटतो. उदाहरण म्हणजे कशाचे तरी उदाहरण. त्याच्या मागे एखादा नियम उभा असतो आणि आकडे, गाडी, चेंडू, वायूची टाकी ही त्या नियमाची त्या दिवसापुरती वेशभूषा असते. उदाहरण सोडवायचे ते या वेशामागचा नियम ओळखता यावा म्हणून. उत्तर तर पुस्तकाच्या शेवटी छापलेले असतेच. तेवढ्यासाठी मुलाची संध्याकाळ खर्ची घालण्याचे कारण नव्हते.

एक साधे उदाहरण घेऊ. एक गाडी ताशी ७२ किलोमीटर वेगाने चालली आहे. चालकाने ब्रेक दाबला आणि दर सेकंदाला तिचा वेग ५ मीटर प्रतिसेकंदाने कमी होऊ लागला. ती किती अंतरावर थांबेल? अकरावीच्या मुलाला यासाठी सूत्र पाठ असते. सूत्राशिवायही हे जमते. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर. सेकंदाला ५ या हिशेबाने गाडी ४ सेकंदांत थांबणार. सुरुवातीला वेग २०, शेवटी शून्य, म्हणजे सरासरी १०. चार सेकंद, सरासरी १० मीटर, अंतर ४० मीटर. झाले उत्तर. इथे वही मिटली, तर उदाहरण वाया गेले. आता वेग निम्मा करा, ताशी ३६. गाडी २ सेकंदांत थांबेल, सरासरी वेग ५, अंतर १० मीटर. वेग निम्मा झाला, अंतर मात्र चौथाईवर आले. उलट बाजूने पाहा. ताशी ८० च्या वेगाला सुमारे ४९ मीटर लागतात आणि १०० च्या वेगाला ७७. वेग सव्वापट, थांबण्याचे अंतर दीडपटीहून अधिक. शिवाय ब्रेकवर पाय जाईपर्यंत एखादा सेकंद गेला, तर १०० च्या वेगाने आणखी २८ मीटर गाडी तशीच पुढे गेलेली असते. हे ज्याच्या मनात उतरले, तो द्रुतगती मार्गावर पुढच्या गाडीला चिकटून चालवणार नाही. अठराव्या वर्षी हातात वाहन परवाना येणाऱ्या मुलाला पदार्थविज्ञानाने दिलेले हे फार मोठे देणे आहे.

याच उदाहरणात मुले नेहमी एक चूक करतात. ताशी ७२ चे रूपांतर न करता ७२ हाच आकडा सूत्रात घालतात आणि उत्तर येते ५१८ मीटर, म्हणजे अर्ध्या किलोमीटरहून जास्त. त्याखाली दोन रेघा मारून मुलगा पुढच्या प्रश्नाकडे वळतो. हाच मुलगा रोज एसटीने येतो-जातो. ब्रेक दाबल्यावर अर्धा किलोमीटर पुढे जाऊन थांबणारी गाडी त्याने जन्मात पाहिलेली नसते. पण वहीतली गाडी आणि रस्त्यावरची गाडी या दोन वेगळ्या वस्तू आहेत, अशी त्याची समजूत झालेली असते.

रसायनशास्त्राचेही तसेच आहे. ‘मोल’ या संकल्पनेला मुले जेवढी घाबरतात, तेवढी दुसऱ्या कशाला घाबरत नसतील. म्हणून हे उदाहरण स्वयंपाकघरातून घेऊ. घरगुती गॅसच्या टाकीत १४.२ किलो गॅस असतो. तो प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण असतो, पण हिशेबापुरता सगळा ब्युटेन धरू. ब्युटेनच्या एका रेणूत कार्बनचे ४ आणि हायड्रोजनचे १० अणू असतात. कार्बनचा अणू १२ भार आणि हायड्रोजनचा १ भार, म्हणून रेणू ५८ भार. जळल्यावर त्यातल्या प्रत्येक कार्बनचा एक कार्बन डायऑक्साइड होतो. त्याचा रेणू ४४ भार, असे चार, म्हणजे १७६. थोडक्यात, ५८ ग्रॅम ब्युटेनपासून १७६ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. या प्रमाणाने टाकी संपेपर्यंत सुमारे ४३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत गेलेला असतो!

टाकीत १४ किलो, बाहेर ४३ किलो. हे ऐकून जो मुलगा “असे कसे होईल?” असे विचारतो, तो खरा विद्यार्थी. कारण या प्रश्नाचे उत्तर शोधताना त्याला कळते, की उरलेले वजन हवेतल्या ऑक्सिजनचे आहे. हिशेब पुरा केला तर सुमारे ५१ किलो ऑक्सिजन खर्ची पडतो आणि कार्बन डायऑक्साइडच्या जोडीला सुमारे २२ किलो पाण्याची वाफ होते. आत गेले १४ आणि ५१, बाहेर आले ४३ आणि २२. दोन्हीकडे बेरीज ६५. द्रव्य अक्षय्यतेचा नियम तो हाच. आणि बंद खोलीत गॅस का पेटवू नये, स्वयंपाकघराची खिडकी का उघडी हवी, याचे उत्तरही त्याच ५१ किलोंत आहे.

नियम ओळखणे आणि वेश ओळखणे यांतला फरक संशोधकांनी तपासून पाहिलेला आहे. १९८१ मध्ये अमेरिकेत मिशेलिन ची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पदार्थविज्ञानातले काही प्रश्न नवशिक्या विद्यार्थ्यांना आणि जाणकारांना दिले. ते सोडवायचे नव्हते, फक्त त्यांचे गट पाडायचे होते. नवशिक्यांनी उतरणीचे प्रश्न एका गटात, स्प्रिंगचे दुसऱ्या, कप्पीचे तिसऱ्या असे गट पाडले. जाणकारांनी उतरण आणि स्प्रिंग एकाच गटात टाकले, कारण दोन्हीकडे ऊर्जा अक्षय्यतेचाच नियम लागू होता. आपल्याकडच्या क्लासमध्ये प्रश्नांचे ‘टाइप’ शिकवतात. टाइप एक, टाइप दोन, टाइप सतरा. म्हणजे नवशिक्याची वर्गवारीच मुलाच्या अंगी पक्की मुरवली जाते.

मग पुष्कळ सोडवली की आपोआप कळेल, असे पालकांना वाटते. त्याचेही उत्तर उपलब्ध आहे. दक्षिण कोरियात प्रवेश परीक्षांचा ताण आपल्यासारखाच. तेथील सोल राष्ट्रीय विद्यापीठातील युनसूक किम आणि सुंग-जे पाक यांनी २००२ मध्ये २७ विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या मुलांनी शाळेत असताना पदार्थविज्ञानाची तीनशेपासून एकोणतीसशेपर्यंत उदाहरणे सोडवली होती. सरासरी दीड हजार. एवढे करूनही बल, गती यांविषयीच्या त्यांच्या मूळच्या चुकीच्या समजुती बऱ्याच अंशी तशाच होत्या आणि कुणी किती उदाहरणे सोडवली, याचा समजेशी फारसा संबंध दिसला नाही. रोजच्या ‘डीपीपी’चे गठ्ठे सोडवून थकलेल्या मुलांच्या आई-वडिलांनी हा निष्कर्ष जरूर लक्षात ठेवावा.

अर्थात, मुले आणि क्लास असे का वागतात, यालाही कारण आहे. २०२५ ची ‘नीट’ १८० मिनिटांत १८० प्रश्नांची होती. त्यात ४५ प्रश्न पदार्थविज्ञानाचे आणि ४५ रसायनशास्त्राचे. प्रश्नाला एक मिनिट. आपल्या राज्याच्या सीईटीत या दोन विषयांचे शंभर प्रश्न नव्वद मिनिटांत सोडवायचे असतात. मिनिटभरात विचार होत नाही, आठवण होते. म्हणून आठवणीची तालीम घ्यायची, हे क्लासचे गणित व्यवहाराला धरूनच आहे. याच्या जोडीला एक दुसरे चित्र ठेवतो. आंतरराष्ट्रीय पदार्थविज्ञान ऑलिंपियाडच्या लेखी परीक्षेत पाच तासांत तीन प्रश्न सोडवायचे असतात आणि प्रयोगाची परीक्षा निराळी, तीही पाच तासांची. २०१५ मध्ये ही स्पर्धा मुंबईतच झाली होती. आपल्या देशातली तिची तयारी मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र करून घेते. आयआयटीची प्रवेश परीक्षाही २००५ पर्यंत सविस्तर उत्तरांची होती, २००६ पासून ती पूर्णपणे पर्यायी प्रश्नांची झाली. मुलाने कागदावर काय विचार केला, हे वाचणारा परीक्षक त्या वर्षी गेला.

तो गेला याचे खापर एकट्या सरकारवर फोडणेही योग्य नाही. वीस-बावीस लाख मुलांचे पेपर हाताने तपासायचे म्हटले, तर निकालाला वर्ष लागेल आणि तपासणाऱ्यागणिक गुण बदलतील ते वेगळेच. यंत्राने तपासलेला पेपर निदान सर्वांना सारखाच लागू होतो. लहान गावातल्या ज्या मुलामागे ओळखपाळख काहीच नाही, त्याला हाच पेपर वर आणतो, हे लातूर-नांदेडकडच्या घरांना मी सांगायला नको. आणि जुन्या काळाचे गोडवे गाण्यातही अर्थ नाही. आमच्या वेळीही गाईड होते, अपेक्षित प्रश्नसंच होते आणि वर्गातल्या हुशार मुलाची वही संध्याकाळी चार घरे फिरून येतच होती.

मात्र त्या वहीत आणि आजच्या मोबाइलमध्ये एक फरक आहे. दुसऱ्याची वही उतरवून घेणाऱ्याला आपण उतरवतो आहोत, हे ठाऊक असे. नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘चॅटजीपीटी’ आले आणि त्यानंतर अशा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांची रांगच लागली. आज उदाहरणाचा फोटो काढला, की काही क्षणांत उत्तर येते, पायऱ्यांसकट येते आणि हवे तर मराठीतून येते. ते वाचताना सगळे समजल्यासारखे वाटते. ‘मला हे येते’ आणि ‘मला हे वाचून पटते’ यांतली रेघ पुसली जाते, आणि पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला ती स्वतःहून दिसणे कठीण.

या बाबतीत तुर्कस्तानात झालेला एक प्रयोग डोळे उघडणारा आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी तेथील सुमारे एक हजार विद्यार्थ्यांवर तो केला. त्याचे निष्कर्ष २०२४ मध्ये पुढे आले. विषय गणिताचा होता, पण गृहपाठाची जात तीच. ज्यांना सराव करताना असे साधन मोकळेपणाने वापरू दिले, त्यांची सरावातली कामगिरी इतरांपेक्षा ४८ टक्क्यांनी वाढली. मग साधन काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हा तीच मुले, ज्यांना साधन मिळालेच नव्हते त्यांच्याहून १७ टक्क्यांनी मागे पडली. एका तिसऱ्या गटाला दिलेले साधन शिक्षकांच्या मदतीने अशा बेताने तयार केले होते, की ते उत्तर सांगत नसे, फक्त पुढची दिशा सुचवत असे. त्या गटाचे परीक्षेत असे नुकसान झाले नाही. म्हणजे दोष यंत्राचा कमी आणि ते वापरण्याच्या रीतीचा अधिक. ज्या तालुक्यात पदार्थविज्ञानाला धड शिक्षक नाही, तिथल्या मुलीला रात्री अकरा वाजता शंका विचारायला कुणीतरी मिळते, ही गोष्ट मी लहान मानत नाही. मात्र तिने त्याला उत्तर मागायचे की इशारा, यावर पुढचे सगळे अवलंबून आहे.

हा प्रश्न एका परीक्षेच्या गुणांपुरता असता, तर रविवारच्या सकाळी वाचकांचा वेळ मी घेतला नसता. २३ जुलै १९८३ रोजी कॅनडात मॉन्ट्रियलहून निघालेल्या एका बोइंग ७६७ विमानाचे इंधन ४१ हजार फुटांवर असताना संपले. विमानाचा इंधनमापक बिघडलेला होता, म्हणून इंधनाचा हिशेब हाताने केला होता. लिटरचे किलोग्रॅम करायचे होते. एका लिटरचे वजन सुमारे ०.८ किलोग्रॅम भरते, हिशेबात १.७७ हा आकडा घेतला गेला. तो एका लिटरचे पौंड सांगणारा आकडा होता. परिणामी लागणाऱ्या इंधनाच्या निम्म्याहूनही कमी इंधन घेऊन विमान उडाले. वैमानिकांच्या कौशल्याने ते गिमली येथील जुन्या हवाई तळावर तरंगत उतरले आणि कुणाचाही जीव गेला नाही, हे नशीब. आकारमान, घनता आणि वस्तुमान यांचे हे उदाहरण नववीतला मुलगा सोडवू शकेल. सोडवणारी माणसे अनुभवी होती. फक्त आकड्यामागचे एकक कुणी पाहिले नाही.

‘नीट’मधून जी मुले पुढे जातात, ती उद्या डॉक्टर होणार. लहान मुलाला औषध त्याच्या वजनाप्रमाणे द्यायचे असते. किलोमागे इतके मिलिग्रॅम, बाटलीत मिलिलिटरमागे इतके, तर सुईत किती भरायचे? दशांश चिन्ह एक घर सरकले की मात्रा दसपट होते. तिथे चार पर्याय समोर नसतात. ‘हे उत्तर जरा जास्त वाटते आहे’ असे आतून सांगणारा आवाज त्या क्षणी जागा असावा लागतो, आणि तो अकरावीच्या वहीतल्या पाचशे अठरा मीटरवर अडखळून जागा होतो किंवा कायमचा झोपतो.

मग घरात काय करता येईल? आई-वडिलांना पदार्थविज्ञान आले पाहिजे, असे मुळीच नाही. मुलाने वही दाखवली की ‘किती सोडवलीस?’ याऐवजी त्यातल्या एकाच उदाहरणावर बोट ठेवून तीन गोष्टी विचाराव्यात. हे उदाहरण कशाचे? उत्तराचे एकक काय? आणि हे उत्तर खरे वाटते का? पहिल्या प्रश्नाला ‘उतरणीचे’ असे उत्तर आले, तर आणखी एकदा विचारावे. ‘उतरणीवर ऊर्जा कुठून कुठे गेली त्याचे’ असे उत्तर आले, तर बाकीची नऊ राहिली तरी चालतील. मोबाइलबद्दल बंदीपेक्षा क्रम ठरवणे बरे. आधी वीस मिनिटे कागद, पेन्सिल आणि स्वतः काढलेली आकृती. मग हवे तर यंत्राला इशारा विचारावा. आणि शेवटी यंत्र मिटवून तेच उदाहरण कोऱ्या पानावर पुन्हा मांडावे. ज्यांनी मांडून पाहिले आहे त्यांना ठाऊक आहे, की समजल्यासारखे वाटलेले निम्मे त्या कोऱ्या पानावर गळून पडते.

शिक्षकबांधवांनाही एक विनंती आहे. तीस उदाहरणांचा गृहपाठ आता तुम्हाला मुलाबद्दल काहीच सांगत नाही. तो कुणी सोडवला हेच कळत नाही. त्याऐवजी तीन द्यावीत आणि दुसऱ्या दिवशी त्यांतले एक फळ्यावर येऊन तोंडी समजावून सांगायला लावावे. आणि शिक्षण मंडळाच्या लेखी परीक्षेत पायऱ्यांना अजून गुण आहेत, तिथे माणूसच पेपर वाचतो. प्रवेश परीक्षांच्या गलबल्यात बोर्डाचा पेपर बिनमहत्त्वाचा ठरवण्याची घाई करू नये. मुलाचा विचार कागदावर पाहण्याची ती थोड्या उरलेल्या जागांपैकी एक आहे. तिथे आकडे बदलून तेच ते प्रश्न विचारण्याऐवजी ‘उत्तर बरोबर आहे हे तू कसे पडताळशील?’ असा दोन गुणांचा एक प्रश्न दरवर्षी ठेवला, तरी क्लासच्या शिकवण्यात फरक पडेल. क्लास परीक्षेच्या मागे जातात, हा आपला अनुभव आहे.

सर्वोच्च न्यायालयात त्या जुलैमध्ये शेवटी निर्णय झाला तो विज्ञानाच्या बाजूने झाला, ही समाधानाची गोष्ट. पण दरवर्षी लाखो मुले जो पेपर सोडवतात, त्यातला अणू स्थिर आहे की नाही हे ठरवायला प्रत्येक वेळी दिल्लीला जाता येणार नाही. ते मुलाला त्याच्या टेबलाशी, एकट्याने ठरवता आले पाहिजे. त्यासाठी त्याला थोडा वेळ द्यावा लागेल, थोडे अडू द्यावे लागेल, आणि तो अडला असताना आपल्याला थोडा धीर धरावा लागेल.